नंबरावरून माणूस

डोंबिवलीच्या फाटकाजवळ गुणाजी तरेचं टेलिफोन बूथ होतं, आणि परदेशांचे कोड त्याला तोंडपाठ होते. गिऱ्हाइकानं मस्कत म्हणायचा अवकाश, याची बोटं बटणांवर. स्वतः तो कसाऱ्याच्या पुढे गेला नव्हता. पण आकडा कळला की माणूस कुठे उभा आहे ते कळतं, यावर त्याची श्रद्धा होती. ठाण्याला मुंबईचा कोड आणि डोंबिवलीला वेगळा, हा अपमानही तो त्याच श्रद्धेनं गिळत आला होता.

नव्याण्णव साली त्यानं बूथमध्ये येणाऱ्या फोनचा नंबर दाखवणारी डबी बसवली. त्याच सुमारास मुलीचं, मंदाकिनीचं, लग्न जमत आलं. मुलगा नौपाड्याचा, कुंडलिक. वागळे इस्टेटमधल्या कंपनीनं त्याला नवं मशीन शिकायला सिंगापूरला धाडलं होतं, सोबत कंपनीचा मोबाइल. परतला की साखरपुडा. मंदाकिनीला तो आवडला होता. तिनं तसं फक्त आईला सांगितलं होतं, म्हणजे सगळ्या घराला कळलं होतं.

एका दुपारी बूथवर कुंडलिकचा फोन आला. इथलं जेवण गोडसर आहे, काम आटपत आलंय, असं काहीबाही तो बोलत राहिला. गुणाजीचे डोळे डबीवर. सिंगापूरचा पासष्ट कुठेच नव्हता. अठ्ठ्याण्णवनं सुरू होणारा मुंबईचा मोबाइल नंबर स्वच्छ दिसत होता. 'बरं बरं' म्हणत त्यानं फोन ठेवला. मुलाला एका शब्दानं विचारलं नाही. पुरावा समोर असताना आरोपीला काय विचारायचं?

संध्याकाळी त्यानं मुलाच्या आईला, रखमाबाईंना, फोन करून आमच्याकडून नाही समजा म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, तुमच्या चिरंजिवांना ठाऊक. घरी मंदाकिनी जेवली नाही. गुणाजी नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवला, आणि मुंबईत बसून सिंगापूर सांगणारा चोर कसा पकडला, ते गिऱ्हाइकागणिक रंगवून सांगू लागला.

ऐकणाऱ्यांत आनंद नावाचा एक जण होता, औषधं विकत हिंडणारा, कमरेला मोबाइल लावणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काका, मोबाइलचा नंबर माणसाबरोबर जातो. मी लंडनहून केला तरी इथलाच दिसेल. रोमिंग म्हणतात त्याला."

"मग माणूस कुठे आहे ते कळायचं कसं?"

"विचारायचं की त्याला."

गुणाजीला पहिलं दुःख झालं ते आकड्यांनी दगा दिल्याचं. मुलीचं दुःख त्यामागून आलं, जरा उशिरा. आनंदनं ही गंमत गल्लीभर केली, तेव्हा ती घरी पोचण्याआधी गुणाजीलाच सांगावी लागली.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनी बूथवर आली. बापाला सरकायला सांगून तिनं डबीतला नंबर शोधला, फोन लावला आणि काचेचं दार आतून ओढून घेतलं. साऱ्या गावाचे फोन लावून देणाऱ्या गुणाजीला आत काय बोलतात याची कधी उत्सुकता वाटली नव्हती. आज तो काचेला नाक लावायचा बाकी होता. आत ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग काहीतरी बोलली आणि पाठ फिरवली.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"साखरपुडा होईल," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही नौपाड्याला जायचं, त्याच्या आईकडे. फोन नाही करायचा बाबा, जायचं."

गुणाजीनं मान डोलावली. तरी राहवेना.

"आता आहे कुठे तो?"

"मी नाही विचारलं," मंदाकिनी म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.