ओसाड खाणवस्तीतला तपास

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण बोरीकडच्या त्या म्हातारीचा तपास मी विसरू शकत नाही. मी तेव्हा पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक शेतकरी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, चुलती चार दिवस दिसंना. चुलतभावानं आमच्या सामाईक शेतात खड्डा खांदून वर पत्रा झाकलाय. इचारलं तर अंगावर येतोय."

बेपत्ताची नोंद घेतली, पंच बोलावले आणि शेतावर गेलो. पत्रा काढला तर खड्डा रिकामा. खड्डा तयार आणि म्हातारी गायब, म्हटल्यावर खुनाचाच संशय आला. तिच्या मुलाला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा माणूस, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. आईचा फोन त्याच्याच पेटीत सापडला.

"आई कुठं आहे?"

"गेलीय. येईल."

"खड्डा कुणासाठी?"

दरडावलं, चहा पाजला, गोडीत घेतलं, तरी गडी ढिम्म. सराईत माणूस थापा मारून वेळ मारून नेतो. हा थापाही मारेना, तेच मला खटकलं.

पुन्हा शेतावर गेलो आणि या वेळी खड्ड्यात उतरलो. खड्डा चौकोनी होता, आत एका बाजूला कोनाडा कोरलेला. लिंगायत घरांत मृताला बसवून समाधी देतात, त्याची ही रीत. कोनाड्याला विभूतीची बोटं ओढून बेल वाहिला होता. खून करायला निघालेला माणूस इतक्या मायेनं खड्डा खणत नाही. समाधी घरातल्या आधीच गेलेल्या कुणाची असावी, म्हणून परत येऊन मी आईचा विषयच सोडला. विचारलं, "तुमचे वडील कुठं असतात?"

तो ढसाढसा रडायला लागला. "आप्पा कोळशाच्या खाणीत गेले, साहेब, चंद्रपूरकडं. मी लय लहान होतो. तिथंच माती दिली. आता नवी उघडी खाण तिथल्या जुन्या खाणवस्तीपातुर यायलीय, समाधी उकरून जाईल. माय तिथली माती आणायला गेलीय. भावकी शेतात समाधी होऊ देणार न्हाई, म्हनून कुणाला सांगू नगंस अशी तिनं मला लिंगाची आण घातली. फोन घरीच इसरली, मी पेटीत ठिवला. कालच यायला पायजे होती. मी निघतच होतो, तर तुमी आणलं."

तिथल्या ठाण्याला कळवलं, वरिष्ठांची परवानगी घेतली आणि त्याला घेऊन निघालो.

वस्तीचा रस्ता झुडपांनी गिळला होता. गाडी बाहेर ठेवून पायी शिरलो. छपरं उडालेल्या क्वार्टर्सच्या रांगा, भिंतींवर पुसट नंबर, भोंग्याचा गंजलेला खांब, शाळेच्या फळ्याखाली शेळ्यांच्या लेंड्या. जमीन जागोजागी खचलेली, म्हणून काठीनं चाचपत चाललो होतो. एका दारापुढं तुळशीवृंदावन, दोन दारं सोडून नमाजाचा ओटा. कुठकुठून आलेल्या माणसांनी रोज जमिनीच्या पोटात उतरून हे गाव उभं केलं होतं. मला त्या माणसांचं मनापासून कौतुक वाटलं. मुलगा प्रत्येक रांगेशी "माय" म्हणून हाक मारत होता, आणि उत्तर आलं नाही की माझ्याकडं बघत होता.

शेवटच्या रांगेमागून आवाज आला, "हिकडं हाय."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. खुरप्यानं घाणेरीची झुडपं तोडून तिनं समाधी शोधली होती. निघताना पाय मुरगळून सुजला, आणि एका शेळ्यावाल्याच्या भाकरीवर तिनं दिवस काढले. मातीचं गाठोडं मात्र मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

"बोल्लास का रे?" तिनं लेकाला विचारलं. त्यानं मान खाली घातली.

"मी बोलतं केलं, आजी," मी म्हणालो.

"मारलं न्हाई ना माझ्या लेकराला?"

"न्हाई."

"मग चला. ह्यांना घरी न्यायचंय."

समाधीच्या दिवशी मी बंदोबस्ताला गेलो. खबर देणारा पुतण्या बांधावर आडवा उभा होता. शेत त्याचंही होतं, त्यानं अडवलं असतं तर कायद्यानं मला काही करता आलं नसतं. म्हातारी लंगडत त्याच्यापुढं गेली. "तू खबर दिलीस म्हनून मी जित्ती परत आले. ये, तुझ्या चुलत्याला पहिली मूठ तू टाक."

त्यानं बांधावरच चपला काढल्या. मग तो खड्ड्याकडं गेला.

माणसाला दमात कसं घ्यायचं हे वर्दीनं मला शिकवलं होतं. विरोध करणाऱ्याला असं आपलंसं करायला मी त्या म्हातारीकडून शिकलो.