जे आधी पळतात त्यांची पाठ

मसाज हा शब्द जळकोटात मोठ्यानं उच्चारायचा नसतो, हे मला भाड्यानं गाळा शोधायला लागल्यावर कळलं. त्याआधी आठ वर्षं मी पुण्यातल्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या पाठी दाबत होतो. रीतसर शिकून, सर्टिफिकेट घेऊन. बायको नर्स. तिची बदली इकडं झाली आणि मी मागोमाग आलो. पाठी काय, सगळीकडंच असतात, असं मला वाटलं होतं.

पहिल्या गाळेवाल्यानं विचारलं, कसलं दुकान टाकणार? मी सांगितलं. तो गालात हसला, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणाला, पोरी कुठून आणणार? दुसऱ्यानं देवाधर्माचं घर आहे म्हणून तिथल्या तिथं नकार दिला आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं की दुसरीकडं कुठं सुरू केलंत तर कळवा. तिसऱ्याकडं बोलणं सुरू व्हायच्या आतच त्याच्या बायकोनं मला वाटेला लावलं.

शेवटी हायवेला लागून गाळा मिळाला तो एका विधवा मुसलमान बाईंचा. साठी ओलांडलेल्या. सगळं गाव त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं, मीही म्हणायला लागलो. नवरा गेल्यापासून त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद होतं आणि त्या लोकांच्या वाकळा शिवून द्यायच्या. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, मग सुई धरून धरून सुजलेला आपला अंगठा पुढं केला आणि म्हणाल्या, दाब. मी दाबला. पाच मिनिटांत गाळा माझा झाला. अट एकच होती. दार सताड उघडं ठेवायचं आणि दारात त्या वाकळ शिवत बसणार.

"मी बसल्यावर वाईट बोलायची कुणाची हिंमत न्हाय," त्या म्हणाल्या. "आन् वाईट करायची तुझी बी न्हाय."

आत मी एक आडवा पडदा लावला आणि सुताराकडून लांबलचक टेबल करून घेतलं. पालथं झोपल्यावर तोंड घालायला त्याला एक भोक लागतं. ते कशासाठी, असं सुतारानं मला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ऐकून घेतलं आणि गावात जाऊन भलतंच सांगितलं. माझ्याआधी माझं भोक प्रसिद्ध झालं.

पाटीवर मसाज लिहायचं नाही, असं खालांनी पेंटरला बजावलं होतं. त्यानं लिहिलं, 'येथे पाठ, कंबर, मान दाबून मिळेल.' दुसऱ्या दिवशी एक जण चौकशीला आला, मान आपलीच लागते का भावकीतली बी चालंल. पहिल्या तीन आठवड्यांत आलेलं हे एकमेव गिऱ्हाईक.

चौथ्या आठवड्यात पोलीस आले. कुणीतरी अर्ज केला होता. पोलीस म्हणजे एकच हवालदार, निवृत्तीला आलेले, पोट पुढं आणि त्याच्या मागं बाकीचे ते. त्यांनी पाटी वाचली, खालांना नमस्कार केला, पडदा काठीनं बाजूला सारला. टेबल बघितलं. भोक बघितलं. भोकातून खाली काय जातं, याचा त्यांना संशय आला असावा, कारण ते टेबलाखाली बघायला वाकले आणि तिथंच राहिले.

आधी मला वाटलं, काही सापडलं. मग त्यांचा श्वास ऐकू आला. कंबरेत उसण भरली होती. दोन्ही हात फरशीवर, टोपी घरंगळत भिंतीशी गेलेली.

खालांनी सुई थांबवली नाही. "काय घावलं का साहेब?" त्यांनी विचारलं.

मी हवालदारांना उचललं, म्हणजे अर्ध्या तासात इंच इंच करत टेबलावर चढवलं, पट्टा काढला, सदरा काढला. कंबरेपासून मानेपर्यंत सगळी पाठ वाळल्या ढेकळासारखी. मी कामाला लागलो. मध्येच त्यांचा फोन वाजला. ठाण्यातून साहेबांचा होता. हवालदारांनी टेबलाच्या भोकातूनच फोन घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "तपास चालू हाय साहेब. जरा टाईम लागंल."

त्यानंतर पोलीस तपासाला येतच राहिले.

पोलिसांच्या पाठी आणि हॉटेलातल्या पाठी यांत फरक होता. तिकडं लोक बसून बसून आखडलेले असायचे आणि पाठ दाबून घेताना खोलीतलं संगीत बदलायला सांगायचे. इकडं बंदोबस्तात बारा-बारा तास उभं राहून पोटऱ्यांच्या गाठी झालेल्या. हवालदारांना मी त्यांची उसण कधीपासूनची असं विचारलं. ते म्हणाले, हायवेला एक टेम्पो पलटी झाला होता, त्याच्याखालून माणूस एकट्यानं ओढून काढला, तेव्हापासून. एवढंच. पुढं त्यांनी वांग्याच्या भाजीत कारळाची चटणी घालावी का, यावर बराच वेळ सांगितलं.

त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, अपघात झाला की मदतीला जे आधी पळतात, त्यांची पाठ मी फुकट दाबणार. बुधवारी सकाळी. बायको म्हणाली, गिऱ्हाईक नसल्यावर फुकट करायला काय जातंय. तिचंही खरं होतं.

आधी पळणारे कोण, हे ठरवायचं काम खालांनी दारातच बसून अंगावर घेतलं. पोलीस, अँब्युलन्सवाले यांना प्रश्न नव्हता. वायरमन आला, वादळात खांबावर चढतो म्हणाला. त्याला घेतलं. साप पकडणारा आला. त्याला घेतलं, पण पिशवी बाहेर ठेवायला लावली. एकदा तलाठी आले. गारपीट झाली की पंचनाम्याला आपणच जातो, असं त्यांचं म्हणणं. खालांनी विचारलं, किती दिवसांनी? तलाठी वरून आदेश यायला वेळ लागतो, असं काहीतरी सांगायला लागले. खालांनी त्यांना गुरुवारी पैसे घेऊन यायला सांगितलं.

मग आला पायलट. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला आमच्याकडं पायलट म्हणतात. खालांना हे माहीत नव्हतं, त्यामुळं पहिल्या दिवशी त्यांनी त्याला चहा पाजून विमान कुठं लावलं ते विचारलं. तो हसला नाही. पस्तिशीचा, किडकिडीत, माझ्या बायकोनं पाठवलेला. डावा खांदा वर चढलेला होता, हात डोक्यापर्यंत जात नव्हता.

तो टेबलावर झोपायला तयार होईना. ड्यूटी संपलेली असली तरी फोन हातात आणि नजर दाराकडं. मी त्याला स्टुलावर बसवूनच खांदा धरला. दगड बरा. गाडी चालवण्यामुळं झालंय, मी त्याला ऐकवलं. स्टिअरिंग, गिअर, खड्डे, सगळं शास्त्रशुद्ध समजावलं. तो ऐकत राहिला. चार बुधवार मी माझं सगळं शिक्षण त्या खांद्यावर ओतलं. खांदा जागचा हलला नाही. पाचव्या बुधवारी मी वैतागून म्हणालो, गिअर तर तुम्ही उजव्या बाजूनं... आणि मध्येच थांबलो. गिअर डावीकडंच असतो. आठ वर्षांत मला गाडी घेता आलेली नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

हवालदार पोट धरून हसले. पायलटलाही थोडं हसू आलं असावं, कारण तो पहिल्यांदा आपणहून बोलला.

"गिअरचं न्हाय ते," तो म्हणाला. "एका बाईनं धरला होता."

मग त्यानं सांगितलं. पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. मोटारसायकलवरून पडलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी, अँब्युलन्समध्ये मागं तिची आई आणि डॉक्टर. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या भागांमध्ये एक लहान खिडकी असते. त्या खिडकीतून आईनं हात घालून त्याचा खांदा धरला, तो जळकोटपासून सोलापूरपर्यंत सोडला नाही. बोलली काही नाही. रडलीही नाही. खड्डा आला की बोटं अजून रुतायची. हात काढा म्हणायचं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण म्हणवलं नाही. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर उतरवलं, तेव्हा तिचा हात सुटला.

मी विचारलं, पोरीचं काय झालं?

"आमाला कुठं कळतं? आमी दारात सोडतो आन् माघारी फिरतो. दुसरा कॉल येतो."

मी खांदा दाबत राहिलो, कारण मला दुसरं काही येत नाही. खालांनी दोरा तोडला आणि मुलगी कुठल्या गावची, एवढंच विचारलं. त्याला गावाचं नाव नक्की आठवत नव्हतं. मुरुमकडचं असावं, आणि बापाची पिठाची गिरणी आहे असं आई डॉक्टरला म्हणाली होती.

खालांच्या बहिणीची लेक मुरुममध्ये दिलेली आहे. तिची नणंद बांगड्या भरायला गावोगाव फिरते. पुढं नक्की कुणी कुणाला विचारलं ते मला माहीत नाही. त्या आठवड्यात खाला शिवण्यापेक्षा फोनवरच जास्त होत्या, आणि एक वाकळ उलट्या बाजूनं शिवली गेली. हवालदार म्हणाले, मी ठाण्यातून एका फोनमध्ये काढतो. खालांनी त्यांना गप्प बसवलं. पोलिसाचा फोन गेला की आईचा जीव पुन्हा टांगणीला लागंल, त्या म्हणाल्या, बायांचं बायांनी करू द्या.

पुढच्या बुधवारी पायलट आला, स्टुलावर बसला. खालांनी मान वर न करता सांगितलं, पोरगी घावली. त्याच्या अंगाला मी हात लावलेला होता, म्हणून मला कळलं, त्याचा श्वास अडकला. मी हात तसाच ठेवला.

मग त्यानं विचारलं, "चालती का?"

"चालती. जरा लंगडती," खाला म्हणाल्या. "पर भावाला मारायचं असलं की पळती म्हनं."

तो हसला. मग उठून बाहेर गेला, बोअरवर तोंड धुतलं, परत आला आणि मला म्हणाला, आज झोपून घेतो. फोन त्यानं खालांच्या मांडीवर ठेवला. भोकात तोंड घातलं आणि मी तेल लावायच्या आत घोरायला लागला. दीड तास झोपला. हवालदार तेवढा वेळ पायरीवर बसून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हॉर्न वाजवू नका म्हणून दटावत होते. हायवेवर, जळकोटात.

आपण जाऊन मुलीला बघून यावं, असं मी पायलटला एकदा सुचवलं. तो नको म्हणाला. जाऊन काय म्हणू, मला बघितलं की त्या बाईला तोच दिवस आठवंल. ते मला पटलं आणि मी पुन्हा विषय काढला नाही.

मुलीची बातमी कळली आणि खांदा त्याच दिवशी सुटला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. चार महिने लागले, गरम पाण्याचा शेक, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम, तिळाचं तेल. तो व्यायाम चुकवायचा आणि खोटं बोलायचा. पण एका बुधवारी त्यानं हात वर केला आणि टोपी काढून पडद्याच्या खिळ्याला अडकवली, तसा बाकावरचा वायरमन म्हणाला, जमलं की. मी सगळ्यांसमोर माझ्या पद्धतीबद्दल पाच मिनिटं बोललो. पुण्याचं सर्टिफिकेटही मध्ये आणलं. खाला सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी मला बोलू दिलं.