फादरना न कळलेलं कन्फेशन

पाच महिने मी दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले आणि कम्युनियनच्या वेळी, सगळे प्रसादाची भाकर घ्यायला रांगेत उभे राहतात तेव्हा, बाकावर बसून राहिले. नवऱ्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, "अहो, निघताना चुकून बिस्किट खाल्लं." कम्युनियनआधी तासभर काही खायचं नसतं, त्यामुळे कारण खपून गेलं. मग दर रविवारी तेच. शेवटी आठ वर्षांच्या माझ्या लेकीने विचारलं, "आई, तुला रविवारीच कशी गं भूक लागते?" मी तिच्यावर खेकसले. एका खोट्यासाठी आणखी किती खोटं बोलणार होते मी?

मुळात घडलं ते असं. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही नगरहून चेन्नईत आलो आणि मला तिरुवल्लिकेणीतल्या एका छोट्या शाळेत बालवर्गावर नोकरी मिळाली. लेकीलाही तिथेच प्रवेश मिळाला. बालवर्गाच्या आयाबाईचं नाव सेल्वी. वयाने मोठी, म्हणून मी तिला सेल्वीअक्का म्हणायची. एका दुपारी भावाचा फोन आला, आईला दवाखान्यात हलवलं म्हणून. वर्गात आवाज ऐकू येईना, म्हणून मी फाटकातून रस्त्यावर गेले, बोलले, रडले, डोळे पुसत आत आले. कडी लावायची राहिली. पाऊण तासाने कळलं की चार वर्षांची एक मुलगी वर्गात नाही. ती दोन गल्ल्या पलीकडे बसस्टॉपवर सापडली, बिचारी एका बाईचं बोट धरून उभी होती. तिला काही झालं नाही. झालं असतं तर मी आज हे लिहायला उरले नसते.

मुख्याध्यापिकेने फाटकाशीच सगळ्यांना गोळा केलं. फाटक ही सेल्वीची जबाबदारी. "मी आत येताना कडी लावली होती," असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी मला विचारलंही नव्हतं. सेल्वीने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. संध्याकाळी तिला कामावरून काढलं. पुढे आई बरी होऊन घरी आली, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सेल्वी शाळेजवळच्या मार्केटमागच्या गल्लीत राहायची. ती गल्ली टाळण्यासाठी मी रोज लांबचा वळसा घालून बस पकडू लागले. सांगून टाकावं असं वाटलं की नोकरी आणि लेकीची शाळा डोळ्यांसमोर यायची, आणि मी गप्प बसायची.

ईस्टर जवळ आला. फादरपुढे पाप कबूल केल्याशिवाय, म्हणजे कन्फेशनशिवाय, कम्युनियन घेता येत नाही, आणि ईस्टरला तरी ते घ्यायलाच हवं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. आमच्या चर्चमधले फादर मला ओळखत होते, त्यांच्यापुढे जायची हिंमत होईना. तेव्हा मी एक शहाणपणा केला. मैलापूरच्या एका चर्चमध्ये म्हातारे तमिळ फादर कन्फेशन ऐकतात असं कळलं होतं. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिथे गेले, गुडघे टेकले आणि इंग्रजीत विचारलं, "फादर, माझ्या मातृभाषेत बोलले तर चालेल?" ते म्हणाले, "बोल मुली, देवाला कळतं." मला तेच हवं होतं. देवाला कळावं, पण माणसाला कळू नये. मी मराठीत सगळं ओतलं.

फादर आणि माझ्यामध्ये कन्फेशनची लाकडी जाळी होती. पलीकडून ते हळू म्हणाले, "मला तुझी भाषा येत नाही. पण एक शब्द माझ्या ओळखीचा होता. सेल्वी. तू तो सहा-सात वेळा उच्चारलास, आणि दरवेळी तुझा आवाज अडकला. ती कोण, ते मला सांगू नकोस. देवाने ऐकलंय, तो क्षमा करतो. आता हेच तिला जाऊन सांग, तिला कळेल अशा भाषेत." त्यांनी पापक्षमेची प्रार्थना म्हटली. मला मात्र उठवेना. लपायला म्हणून गेले होते आणि पुरती सापडले होते.

बसमध्ये दोनदा वाटलं, पुढच्या स्टॉपला उतरून घरी जावं. तरी मार्केटमागच्या गल्लीत पोचले. सेल्वी दारात बसून जुई ओवत होती. शाळेतली नोकरी गेल्यापासून तिने हेच काम धरलं होतं. मी उभ्याउभ्याच, माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "अक्का, कडी मी उघडी टाकली. मी खोटं बोलले."

तिचा हात थांबला नाही. "माहीत आहे, टीचर. मी जिन्यावरून तुम्हाला फाटकाबाहेर जाताना पाहिलं होतं. तुम्ही फोनवर रडत होतात. कुणीतरी आजारी असणार असं वाटलं, म्हणून त्या दिवशी मी तुमचं नाव घेतलं नाही. म्हटलं, उद्या तुम्हीच सांगाल." मग दोऱ्याला गाठ मारून ती म्हणाली, "खूप दिवस वाट पाहिली."

मी तिथेच पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. शिक्षा माझी होती, आणि तिने ती जाणूनबुजून अंगावर घेतली होती. क्रूसाकडे पाहत मी जन्मभर जे ऐकत आले, ते कपाळाला भस्म लावलेल्या या बाईने मला न सांगता करून दाखवलं होतं. तिने एकच मागितलं. "माझं नाव फाटकाशी सगळ्यांसमोर खराब झालं, तिथेच साफ करा."

सोमवारी मी ते केलं. फाटकाशी सगळ्यांना बोलावून कडी मीच उघडी टाकली होती असं सांगितलं. मुख्याध्यापिकेने सेल्वीला बोलावून सगळ्यांसमोर माफी मागितली. नोकरी देऊ केली, ती तिने नाकारली. माझी नोकरी गेली. लेकीची शाळा तेवढी राहिली. पुढे काय, याची काळजी आजही आहे, पण तोंड लपवावं लागत नाही. प्रभूने माझ्याकडून काही मोठं मागितलं नव्हतं, फक्त लपणं सोड म्हणाला होता, आणि तेवढंही मी त्याला फसवायला गेले तेव्हाच माझ्याकडून झालं. त्याचे उपकार मी कसे फेडू?

ईस्टरच्या सकाळी कम्युनियनसाठी मी उठले तेव्हा लेकीने पदर ओढून कानात विचारलं, "आई, आज भूक नाही लागली?"

"लागलीय गं," मी म्हटलं, आणि रांगेत उभी राहिले.