ठमीला बोलता येतं का?

माझा धाकटा भाऊ बस चालवतो. डेपोत त्याला सगळे ‘गरीब गाय’ म्हणतात. घरात या गाईला शिंगं फुटतात, हे तिथं कोणाला ठाऊक नाही. माझी भावजय कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. तिचं काम सकाळचं, त्याचं दुपारचं. दोन वाजता ती दारात चपला काढते, तो बूट घालतो आणि अडीच वर्षांची ठमी या कडेवरून त्या कडेवर जाते. सुट्टीचे वारही वेगळे. त्यातून एकाची सुट्टी असली, तरी दुसरं घरी आलं की पहिलं बाहेरची कामं उरकायला पळतं.

मी वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे हा सोहळा रोज बघते. बस पुढच्या ड्रायव्हरच्या ताब्यात देताना हा माणूस पाच मिनिटं सांगत बसतो, क्लच जड आहे, डावा आरसा हलतोय. पोरगी देताना एकच शब्द, “जेवली.”

घोळ झाला तो बालवाडीत. प्रवेशासाठी दोघांनी रजा काढली, मलाही बरोबर नेलं. बाईंनी विचारलं, “दोन शब्द जोडून बोलते का?”

“नाही हो,” भावजय म्हणाली. “नुसतं बोट दाखवते.”

“काय सांगतेस!” भाऊ म्हणाला. “सकाळभर तोंडाला कुलूप नसतं तिच्या!”

“जिना चढते?”

“कडेवरच घ्यावं लागतं,” भावजय म्हणाली.

“कठडा धरून चढते,” भाऊ म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मुलगी एकच आहे ना तुमची?”

मग काय, तिथंच जुंपली. “तू मागायच्या आधी सगळं हातात देतेस, मग ती बोलेल कशाला?” “आणि तुम्ही? पडली तरी उचलत नाही!” मला वाटलं भावाचं खरं. मग भावजयीचे भरलेले डोळे बघितले आणि तिचं खरं वाटलं. माझी तर मतीच गुंग झाली. बाई शांतपणे म्हणाल्या, “मी स्वतः तिच्या तोंडून काही ऐकलं नाही, तर आधी डॉक्टरांना दाखवावं लागेल. प्रवेश मग पुढच्या वर्षी.”

भावजयीचा चेहरा पांढरा पडला. “बोल ना गं, राणी,” ती म्हणाली. ठमी गप्प. एकदा आईकडे बघे, एकदा बापाकडे. मग उठून दारापाशी गेली, भावाचा एक बूट दोन्ही हातांनी उचलून आणला आणि त्याच्या पायाशी ठेवला.

“आई आली,” ती स्पष्ट म्हणाली. “बाबा जा.”

बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली. भावजय हसली आणि हसता हसता थांबली.

“मी कुठं चाललोय गं? आज रजा आहे मला,” भाऊ म्हणाला.

ठमीनं बूट आणखी पुढे ढकलला. “बाबा जा!”

तो हलला नाही. मग ती आईची चप्पल घेऊन आली. “आई जा.” भावजयही हलली नाही. पोरीचा प्रवेश झाला होता, पेढे वाटायचे की तोंड लपवायचं, मला कळेना. ठमी चप्पल हातात धरून दोघांच्या मधे उभी राहिली आणि तिनं भोकाड पसरलं. रोज एक जण गेला की ती उरलेल्याच्या गळ्यात पडायची. आज दोघंही हात पसरून बसले होते आणि कोणाकडे जायचं, ते तिला समजेना.