मानेवर घासून पाहिलेलं कापड

मनोरमाबाईंची पहिली ओळख मला माझ्या स्वतःच्या मानेवर झाली. माहेरी बाळंतपण उरकून थोरल्याला घेऊन मी नुकतीच कर्जतला सासरी परतले होते. माझं माहेर घाटावरचं, हौसेला कमी नाही. आईनं नातवासाठी हिरवंगार साटीन आणि त्याला लावायला कलाबतूची किनार बांधून दिली होती. आल्यागेल्यांत मिरवायला अंगडं-टोपडं हवं म्हणून मी ते कापड घेऊन बाजारपेठेमागच्या शिवणवर्गात गेले. बाईंनी कापड उलगडलं, किनारीचा तुकडा त्यावर ठेवला, आणि मला काही कळायच्या आत तो सगळा बोळा माझ्या मानेवर दोनदा खसाखसा घासला.

"कसं लागलं?"

"टोचलं हो!"

"तुला टोचलं, मग त्याला काय गुदगुल्या होणार आहेत? घरात सासऱ्यांचं जुनं धोतर असेल. ते धुऊन आण. झबलं त्याचं शिवू. हे साटीन ठेव, तुला त्याची उशी छान होईल."

मी नवी सून. सासऱ्यांकडे त्यांचं धोतर मागायचं म्हणजे जिभेला गाठच पडायची. पण मामंजींनी ऐकलं मात्र, ट्रंकेतून तीन धोतरं काढली आणि त्यातलं मऊ कुठलं ते पाहायला आमच्या ओटीवर घरातली सगळी बोलावली. पुढे कितीतरी दिवस ते येईल त्याला सांगत, "नातू माझं धोतर नेसतो बरं!" ते झबलं आणायला मी गेले ती त्या वर्गालाच चिकटले. आधी विद्यार्थिनी, मग मदतनीस, आणि आता बाईंच्या शेजारी बसून शिकवणारी. त्यामुळे बाईंच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात लिहायची जबाबदारी मैत्रिणींनी माझ्यावर टाकली, त्याला मी नाही म्हणू शकले नाही.

ज्यांनी वर्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाईंचे यजमान शाळेत शिक्षक. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतच कधीतरी बाईंनी आपल्या घराच्या ओटीवर एक मशीन मांडून बायकांना शिवण शिकवायला सुरुवात केली. पुढे मशिनं वाढली, नेरळ, शेलू, खोपोलीहून मुली गाडीनं येऊ लागल्या. पोलकी, परकर, सदरे सगळंच तिथं शिकवलं जातं. परंतु या भागात वर्गाचं नाव झालं ते बाळंतविड्यामुळे. बाळंतिणीला भेट द्यायची झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि मोहरीची उशी असा तो संच. बाईंचा बाळंतविडा दिसायला अगदी साधा असतो. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंगाला दोरा घासत नाही. बटण नाही, कारण बटण तुटतं आणि तोंडात जातं. गळ्याशी नाडी नाही, ती कुशीला. कापड रिठ्याच्या पाण्यात धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही. आणि कपाटात डांबरगोळी दिसली तर त्या दिवशी वर्गाची धडगत नसे. कडुलिंबाचा पाला आणि वेखंड, एवढंच बाळाच्या कपड्यांत राहायचं.

नवख्या मुली कुरकुरायच्या. उलटी शिवण बघून लोक हसतात, असं एकीनं म्हटल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "हसू देत गं. लोकांना कुठे ते घालून झोपायचंय?"

आता बाईंची थट्टा केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि ती त्यांना आवडेलच. एका होळीच्या सुमारास त्यांच्या डोक्यात आलं की विकतचे रंग नकोत, आपण पळसाच्या फुलांत टोपडी रंगवू. डोंगराकडच्या बायकांकडून टोपलीभर फुलं आणवली, पातेल्यात उकळली, टोपडी केशरी-पिवळी देखणी झाली. हातोहात गेलीसुद्धा. मग उन्हाळा लागला आणि बाळांना घाम येऊ लागला. टोपड्यांचा रंग कपाळावर, कानामागे, मानेवर उतरला, आणि कर्जतमधल्या आया आपापली पिवळी बाळं छातीशी धरून "कावीळ झाली, कावीळ झाली" करत दवाखान्यात धावल्या. डॉक्टरांनी ओला कापूस एका बाळाच्या कपाळावर फिरवला आणि ते इतके हसले की कंपाउंडर आत बघायला आला. बाईंनी मात्र त्याच दिवशी ज्या ज्या घरी टोपडं गेलं होतं त्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन, "माझी चूक झाली, रंग पक्का बसला नाही," असं सांगून पांढरं टोपडं हातात ठेवलं. त्यानंतर वर्गात रंग शिरला नाही. आजही मला त्यांना डिवचायचं असलं की मी पळसाची चौकशी करते.

पुढे नायलॉनचे दिवस आले. मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा बाळाला नायलॉनचा झगा आणू लागला, कारण तो चुरगळत नाही, धुतला की वाळतो, आणि दिसतोही झुळझुळीत. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली, बाळाला ओव्याची धुरी द्यायची, आणि त्या निखाऱ्यांवर ते ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटणारं झुळझुळीत कापड! बाजारपेठेतल्या एका बड्या घरच्या वहिनी असं कापड घेऊन आल्या. बाई म्हणाल्या, "तुमच्या थोरलीला शिवते, हवा तेवढा घेर घालते. पाळण्यातल्याला नाही शिवणार." वहिनींना राग आला. त्यांनी कापड उचललं, आपल्याबरोबर चार घरांचं शिवणही दुसरीकडे नेलं, आणि त्या पुन्हा कधी वर्गाची पायरी चढल्या नाहीत. बाईंना वाईट वाटलं का? वाटलंच. त्या दिवशी त्यांनी केलेल्या चहात साखर घालायची राहिली, आणि आम्ही सगळ्यांनी तो मुकाट्यानं प्यायला. निर्णय मात्र बदलला नाही.

हे सगळं खरं असलं तरी बाई मला खऱ्या अर्थानं कळल्या त्या खोपोलीत, माझ्या नणंदेच्या घरी.

रंजनावन्सं माझी धाकटी नणंद. त्यांचे यजमान दत्ताराम भावोजी खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून त्यांना मुलगी झाली, सुनंदा. जेमतेम दोन महिन्यांची होती आणि श्रावणात निरोप आला की पोरीच्या अंगाची सालटी निघताहेत, दिवसरात्र रडते, धड पीत नाही. मी निघाले तशा बाईही हातातलं काम ठेवून माझ्याबरोबर खोपोलीच्या गाडीत बसल्या.

चाळीतल्या त्या खोलीत झोळी बांधलेली होती आणि कोपऱ्यात वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या. भावोजींच्या आई, ज्यांना सगळी चाळ आये म्हणते, त्या आम्हाला बघताच म्हणाल्या, "हिच्या दुधातच दोष हाय गं बाय. मी काय काय केलं नाय? मीठमोहऱ्या ओवाळल्या, हिचं खाणं तोडलं. आता उद्यापासनं अंगावर पाजायचं बंद. बाटली आणलीया."

वन्संनी माझ्याकडे फक्त पाहिलं. इतक्या वर्षांनी आई झालेल्या बाईला तिचंच दूध पोरीला बाधतंय असं सांगितलं, की तिच्या चेहऱ्यावर काय उरतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

बाईंनी सुनंदाला मांडीवर घेतलं. पाठीपासून मांड्यांपर्यंत सगळं लालभडक, जागोजागी ओलं. डॉक्टरांनी मलम दिलं होतं आणि बजावलं होतं की अंग कोरडं ठेवा. पावसात दुपटी वाळता वाळत नव्हती. बाईंनी झोळीत हात घालून चाचपलं, तशी दुपट्याखाली काहीतरी चुरचुरलं.

"हे काय आहे?"

भावोजी दारात उभे होते, ते कौतुकानं पुढे आले. "कंपनीतली प्लाष्टिकची पिशवी हाय, बाई. गोणीच्या आत असते ना, ती. मी सोता उलटी करून नळाखाली धुतली, मंग फाडून हंतरली. पान्याचा थेंब खाली उतरायचा नाय. डाक्टर बोलले ना, कोरडं ठेवा. आमच्या चाळीत समद्या पोरांखाली हीच हाय, मीच आणून देतो."

मी आता बाई कडाडणार म्हणून अंग चोरून बसले. डांबरगोळीवरून वर्ग डोक्यावर घेणाऱ्या बाई! पण त्यांनी आवाज चढवला नाही.

"स्वच्छ धुतलीत हो. हिच्यातून काय येतं कंपनीत?"

"पावडर. रंगाच्या कामाची. नाव विंग्रजी हाय, मला नाय सांगता येत."

"ती पावडर काढताना हातात काही घालता?"

"घालतो तर! रबरी हातमोजे. सक्तीच हाय."

"का हो?"

भावोजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर झोळीकडे गेली. मग ते पुढे आले, दुपटं बाजूला केलं, ती पिशवी ओढून काढली आणि अंगापासून लांब धरून पावसात घेऊन गेले. परत आले तेव्हा उंबऱ्याच्या आत यायची त्यांची हिंमत होईना.

"काय झालं रं?" आयेंनी विचारलं.

त्यांना बोलायची वेळ न देता बाईच म्हणाल्या, "दत्तारामभाऊंच्या ध्यानात आलं, पोरीला काय बाधतंय ते. बापाचंच लक्ष शेवटी! दुधाला काही झालेलं नाही, आये. रंजनाला पाजू दे."

वन्संनी हात पुढे केले. मला तेव्हा रडू आवरलं नाही, आणि आजही हे लिहिताना आवरत नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "बाई, तुम्हाला इतकी खात्री कशी होती?"

"खात्री कुठे होती? त्या पावडरीत काय असतं ते मला काय ठाऊक? ठाऊक नाही म्हणूनच तान्ह्याच्या अंगाखाली नको." दुसऱ्या दिवशी भावोजींनी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा डॉक्टरही हेच म्हणाले, आणि आधी का नाही सांगितलं म्हणून त्यांना चांगलेच बोलले. जुन्या लुगड्यांचे जाड थर शिवून आम्ही खोपोलीला पाठवत राहिलो. सुनंदाच्या अंगाला हळूहळू नवी कातडी आली. भावोजींनी स्वतः घरोघर दिलेल्या पिशव्या स्वतःच घरोघर जाऊन मागून आणल्या. काही घरांनी नाकं मुरडली, तीही त्यांनी सोसली.

लोक इथपर्यंतची गोष्ट सांगतात. पुढची फार थोड्यांना माहीत आहे.

पाऊस ओसरल्यावर बाई पुन्हा खोपोलीला गेल्या. सुनंदा खुदखुदत होती. बाईंनी गाठोडं सोडलं, त्यात पोरीची झबली होती आणि सगळ्यांत वर पुरुषी मापाचे मऊ सुती हातमोज्यांचे जोड.

"हे कुणाला?" भावोजींना कळेना.

"तुम्हाला. रबरी मोज्यांच्या आत घालायचे. आणि हात दाखवा बघू."

भावोजी हात मागे घेऊ लागले. बाईंनी ते धरलेच. बोटांच्या बेचक्यांत भेगा, मनगटापर्यंत कातडी पांढरी पडून सोलवटलेली.

"मोजा फाटला तर दुसरा मिळत नाही?"

"मिळतो, बाई. मागितला की मिळतो. मागायचं राहून जातं. आमच्या हाताला काय हुतंय?"

आये सुनंदाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नात वन्संकडे दिली, पुढे सरकल्या आणि लेकाचे ते दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. "रोज याच हातांत भाकर ठेवते मी," त्या म्हणाल्या. "कदी बगितलंच नाय रं." बाईंनी खोबरेल मागून घेतलं आणि वाटी आयेंच्या हाताशी सरकवली. त्या माउलीनं आपल्या चाळिशीतल्या लेकाच्या हातांना, तान्ह्याला लावावं तसं, तेल लावलं.

त्या दिवसापासून भावोजींनी फाटका मोजा एक पाळीही चालवला नाही, आणि सोबत्यांनाही चालवू दिला नाही. लहान मुलांसाठी काय घ्यावं आणि काय टाळावं हे आम्हाला अनेकांनी सांगितलं. ते लहान मूल कुठल्याही वयाचं असू शकतं, हे बाईंनी दाखवलं. मी त्यांच्याकडून शिकलेलं सगळ्यांत मोठं शिवण हेच.

हा लेख लिहिण्याआधी परवानगी विचारायला मी गेल्या महिन्यात खोपोलीला गेले होते. "लिवा, वहिनी, नाव घालून लिवा," भावोजी म्हणाले. सुनंदा शाळेतून आली आणि दप्तर टाकून आजीशेजारी बसली. आयेंना आता डोळ्यांनी कमी दिसतं. बाईंची एकसष्टी आहे, तुमच्याकडून काय शुभेच्छा लिहू, असं मी त्यांना विचारलं. उत्तम आरोग्य, दीर्घायुष्य असं आम्ही सारे लिहिणारच आहोत आणि ते मनापासून आहे. पण माझी सही मी आयेंच्या शब्दांखालीच करते.

"माझं आयुष्य त्यांना लागू दे, अशी बोलायची रीत हाय," त्या म्हणाल्या. "पन माझं उरलंय किती? तेवढ्यानं त्यांचं भागायचं नाय. तू असं लिव, आमच्या घरात दोन लेकरं वाचली. माझी नात, आन माझा पोरगा. दोगांच्या वाटचं मागनं मी देवाकडं रोज मागते, आन ते समदं त्या बाईंच्या नावानं."