थर्माकोलचा राखणदार

आमच्या मालवणच्या बाजारात, जाळ्यांच्या दुकानावरच्या माडीत चार पोरांनी 'एस्केप रूम' काढली होती. आत जुन्या बंदरावरची जकातचौकी उभारलेली. माणसांना आत कोंडायचं आणि त्यांनी कोडी सोडवून बाहेर पडायचं. तिघे लवकरच कंटाळून गोव्याला हॉटेलांत लागले. उरला तो एकटा. पर्यटकांशी तो पाठ केल्यासारखं शुद्ध मराठी बोलायचा, आमच्याशी बोलताना दर वाक्याला नाक ओढायचा. हसताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

दाराची किल्ली बंदराच्या राखणदार देवाखाली लपवलेली होती. राखणदार म्हणजे थर्माकोलचा दगड, वर त्यानेच फासलेला शेंदूर. मुंबईकर तो सहज उचलत. गावचं माणूस हात जोडी आणि आतच अडकून राही. मीही सहकुटुंब अडकलो. बायकोने तर पिशवीतलं केळं त्याच्यापुढे ठेवलं. पावसाळ्यात पर्यटक थांबले, आणि गावचं कोणी फिरकेना.

काल तो माडी रिकामी करत होता. मला बाजारात बघून त्याने वर बोलावलं. सगळं सामान टेम्पोत गेलं होतं, दगड तेवढा राहिला होता.

"काका, ह्यो तुमी उचला."

"तूच केलंस मा रे?"

"मीच केलंय. पण आता माजो हात जाणा नाय. उद्या माका गोव्याक जावचा आसा. हेका एकट्याक हंय टाकून कसो जाव?"

"माजी कंबर धरलीहा रे," मी म्हणालो.

दगडाचं वजन माझ्या हातातल्या कोथिंबिरीएवढंही नव्हतं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि आम्ही दोघे तसेच उभे होतो.