बैल सुटल्यावर ये

त्या वर्षी अंजनगाव सुर्जीत शहाणं माणूस शोधूनही सापडलं नसतं. सातासमुद्रापार कुठं तरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि त्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. कोणी अंगणात तुळशीभोवती सरकी टोचली. पैसा येत होता आणि त्याच्या मागोमाग लोकांची झोप जात होती. आज विकावा तर उद्या भाव चढेल, उद्यावर टाकावा तर लढाई थांबेल. या दोन बोटांच्या चिमटीत सापडून सगळं गाव आढ्याकडे डोळे लावून पडलेलं असायचं.

त्यात पार्बताबाई मात्र पाठ टेकल्याबरोबर घोरायची. तिचा गावाबाहेर नागवेलीचा मळा होता. मळा तसा तिच्या नवऱ्याचा, नत्थुजीचा. पण लग्नानंतर शेवरीची रोपं डोक्यावरून वाहून आणली ती तिने, त्यांवर वेल चढवली ती तिने, आणि पानं खुडून करंड्या भरायचीही तीच. पानमळ्यात जोडे घालून शिरायचं नाही, आत आवाज चढवायचा नाही, नाही तर वेल रुसते, असं पानमळे लावणारे सगळे बारी मानत. पार्बताबाईचं म्हणणं असं, की वेलीचं राहू द्या, माणसालाही हे बरं असतं.

तिला काळज्या नव्हत्या असं नाही. चांगल्या धष्टपुष्ट होत्या. पण पान खुडणं हे नखाचं काम. मन भलतीकडे गेलं की नख जून पान सोडून कोवळ्या शेंड्यावर पडतं. एकदा नवऱ्याच्या काळजीत तिने अख्खी वेल भादरून ठेवली आणि मग तिचीच समजूत काढत बसली. त्या दिवसापासून तिने काळजीला वेळ नेमून दिली. दिवस कलला, मोट थांबली, बैल सुटून हौदावर पाण्याला लागले, की विहिरीच्या काठच्या दगडावर बसायचं आणि काळजी करायची. अर्धवट नाही, मन लावून. लागलं तर रडूनसुद्धा. बैलांनी तोंड वर काढलं की पदर झटकून उठायचं. उन्हाळ्यात बैल जास्त पाणी पितात, म्हणून उन्हाळ्यात काळजीही थोडी जास्त व्हायची. तेवढी सूट तिने दिली होती.

काळजी मात्र निर्लज्ज. ती भर दुपारी, हात पानांत असतानाच यायची. मग पार्बताबाई हळू आवाजात तिला सांगायची, "आत्ता नोको येऊ वं बाई. हात गुतले हायेत माहे. बैल सुटल्यावर ये." बहुतेक वेळा ती जायची. कधी पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं.

या वर्षी तर तिला फारच वेळा सांगावं लागत होतं. कारण नत्थुजीच्या डोक्यात कापूस शिरला होता. दुपार झाली की तो मोट बायकोच्या हाती देऊन एलिचपूरच्या वाटेवर पळायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवाल्यांना भाव विचारत बसायचा. घरी आला तरी आलेला नसायचा. आंघोळ करता करता न दिसणाऱ्या दलालाशी भांडायचा, भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसायचा. एक दिवस त्याने जाहीर केलं, "आखाजी झाली का मळा उपटतो. कापूस लावतो. पानं खाऊन कोनी मोठं झालं का?" मळा केवढा, त्यात कापूस निघणार किती, हे विचारायची सोय नव्हती. पार्बताबाईने विचारून पाहिलं, तर तो म्हणाला, "थांब वं, गाडीचा आवाज आयकू दे."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येत चालली. शेजारच्या वांग्याच्या वाडीतली दुर्गाबाई त्याच सुमारास विळा मागायला कुंपणापाशी आली आणि तिच्या कानावर पडलं, "बैल सुटल्यावर ये वं बाई." दुर्गाबाईने वेलींतून डोकावून पाहिलं. पार्बताबाई एकटी. समोर विहीर. विहिरीत आसरा राहतात हे वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक. पाण्यातल्या त्या बाया कोणावर रुसतात, कोणावर प्रसन्न होतात. दुर्गाबाई विळा न घेताच परत फिरली. पार्बताबाई रात्री घोरते कशी, याचा उलगडा तिला झाला होता, आणि अंधार पडायच्या आत तो गावालाही झाला.

दुसऱ्या दिवशी बैल सुटायच्या वेळेला महादेवराव हजर. भातकुलीकडचे हे मोठे कास्तकार सोयरिकीसाठी गावात आले होते. त्यांनी भाव चढायची वाट पाहत घरात इतका कापूस भरला होता की बायकोने चूल परसात मांडली होती आणि ते स्वतः कापसाच्या ढिगावर निजत होते. निजत होते म्हणजे नुसते पडून राहत होते. हातात नारळ, डोळे लाल.

"बाई, तुमच्या आसरेले इचारा," ते म्हणाले. "इकू का ठेवू?"

"इथं आसरा-बिसरा काही नाई, भाऊ," पार्बताबाई म्हणाली.

"असंच सांगा लागते तुमाले. मले समजते."

ती जितकं नाही म्हणे तितका त्यांचा विश्वास वाढे. शेवटी ती वैतागली. बैल पाण्याला लागले होते, तिची स्वतःची काळजी ताटकळत होती आणि तिच्या दगडासमोर हा माणूस नारळ घेऊन उभा होता. "जोडे बाहेर काढा," ती म्हणाली. "इथं बसा. काय असन थे सांगून टाका. हळू बोला. बैलानं तोंड वर काढलं का उठा, अन मंग उद्यापावतर त्याचं नाव काढू नोका."

महादेवराव बसले. आधी कापसाचं बोलले, मग भावाचं, मग आगीचं भय, मग घरात कोणी धड बोलत नाही हे, आणि शेवटी परसातल्या चुलीशी धुरात बसलेल्या बायकोचं. बैलाने तोंड वर काढलं. महादेवराव उठले, विहिरीला नमस्कार करून गेले आणि सोयऱ्यांच्या ओसरीवर असे झोपले की सोयरे घाबरले. सकाळी उठल्यावर त्यांनी सांगितलं, आसरा मोठी जागृत आहे, फक्त भावाचं काही बोलत नाही.

मग काय विचारता. बैल सुटायच्या वेळेला मळ्याच्या दाराशी जोड्यांची रास पडू लागली. एकेक जण दगडावर बसे, विहिरीत बघत पुटपुटे आणि हलका होऊन जाई. भावाचं उत्तर कोणालाच मिळालं नाही, पण तक्रार घेऊन कोणी आलं नाही. बैलांना मात्र इतक्या लोकांपुढं पाणी पिण्याची लाज वाटू लागली असावी. ते उगाच थांबून थांबून पिऊ लागले. आणि पार्बताबाईला स्वतःला बसायला दगड उरला नाही. तिची काळजी आता दिवसभर तिच्या मागे मागे फिरायची, आणि नख पुन्हा शेंड्यांवर पडू लागलं.

सगळ्या गावाला ठाऊक झालेली ही गोष्ट नत्थुजीला मात्र एका परक्या गाडीवाल्याकडून कळली. आखाजीच्या आदल्या दिवशी, बाकीचे लोक निघून गेल्यावर, तो दाराशी जोडे काढून आत आला. हातात नारळ होता. तो बायकोकडे नाही, विहिरीकडे तोंड करून उभा राहिला.

"माय," तो विहिरीला म्हणाला, "तू मायाच घरी रायतं अन मलेच ठावं नाई. आता एवढं सांग. मळा उपटू का ठेवू? तू म्हणशीन थे करतो."

पार्बताबाई बाजूलाच उभी होती. ठेव. एवढा एकच शब्द, डोळे मिटून, आवाज जरा घोगरा करून म्हणायचा होता. शेवरी वाचली असती, वेल वाचली असती, आणि हा माणूस जन्मभर त्या शब्दाबाहेर गेला नसता. शब्द जिभेवर आलाही. पण तो किती भाबडेपणाने पाण्याकडे बघत होता ते तिने पाहिलं, आणि तिला त्याची दया आली, आणि थोडा रागही आला. इतक्या वर्षांत इतक्या आदराने त्याने तिला काही विचारलं नव्हतं.

"तिथं कोनी नाई," ती म्हणाली. "इकडं पाहा. जे हाये थे मीच हावो."

"मंग तू रोज कोनाशी बोलतं?"

"काळजीशी."

"तुले कायची काळजी?" तो खरोखरच चकित झाला होता. "तू त घोरतं."

"ह्या मळ्याची. तुमी आखाजीले उपटनार हा ना. तवापासून रोज येते थे. म्या तिले बैल सुटल्यावर ये म्हणतो, दुर्गाबाईनं आयकलं अन तिची आसरा केली."

नत्थुजी दगडावर बसला. हातातल्या नारळाचं काय करावं ते त्याला समजेना, म्हणून त्याने तो मांडीवर घेतला. मग आपण होऊन तो बोलायला लागला. गाव सगळं पुढं चाललं, आपण पानं मोजत मागं राहू, उद्या सोयऱ्यांत कोणी बस म्हणणार नाही. हे भय त्याला दिवसा वाटेवर बसवायचं आणि रात्री निजू द्यायचं नाही. पार्बताबाई त्याच्याजवळ खाली बसून ऐकत राहिली. बैलांचं पाणी कधीच पिऊन झालं होतं.

"मळा राहू दे," शेवटी तो म्हणाला. "उपटला त थे तुयी काळजी जाईन कुठी? घरातच येऊन बसन. माही हायेच तिथं. दोघी मिळून आपल्याले भाईर काढतीन."

पार्बताबाईला हसू फुटलं, आणि हसता हसता तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही.

"इतके दिवस मले कावून नाई सांगतलं?" नत्थुजीने विचारलं.

"तुमी घरी कवा रायता?"

त्याने एलिचपूरच्या वाटेकडे पाहिलं. तिकडून गाड्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तो उठला नाही.

"उद्या रायतो," तो म्हणाला.